कवचावर काळे ठिपके, रोज थोडी मर: अँटिबायोटिक द्यावं का?

प्रश्न
गोड्या पाण्यातल्या कोळंबीचं तळं. मोठ्या नरांच्या कवचावर काळपट ठिपके आहेत, काहींचा शेपटीचा पंखा झडलाय. पाणी गर्द हिरवं, तापमान ३२. पहाटे डीओ (पाण्यात विरघळलेला प्राणवायू) ३ च्या खाली, दुपारी पीएच ९, एकूण अमोनिया लिटरला १ मिलिग्रॅम. खाद्यातून औषध सुरू करू का?

उत्तर १
नको. आजारी कोळंबी खातच नाही, औषध पोचतं ते धडधाकट कोळंबीत आणि गाळात. हे काम कायटिन, म्हणजे कवचाचा मुख्य घटक, खाणाऱ्या जिवाणूंचं आहे: एरोमोनास, स्यूडोमोनास, व्हिब्रिओ. ते तळ्यात कायम असतात, कवचाला ओरखडा पडला की तिथे घर करतात. काळा रंग कोळंबीच्याच मेलॅनिनचा. जखम बुजवायचा तिचा प्रयत्न. नखानं खरवडून बघा. वरवरचा डाग पुढच्या कातीबरोबर निघून जातो. खाली मऊ खड्डा लागला तर जुनं कवच मांसाला चिकटतं, कात अडकते आणि कोळंबी मरते. नांग्यांच्या मारामारीत ओरखडे पडतात, म्हणून मोठे नर आधी काढून विका.

उत्तर २
मला जास्त काळजी पाण्याची वाटते. ३० अंशांना पीएच ८ असताना एकूण अमोनियातला साधारण ७ टक्के भाग विषारी असतो, ९ ला तोच ४५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तुमच्याकडे दुपारी जवळपास अर्धा मिलिग्रॅम! शिवाय पाणी हिरवं करणारं शेवाळ रात्री प्राणवायू ओढतं.
खाद्य लगेच निम्मं करा, ट्रेमध्ये उरलं तर आणखी कमी. एअरेटर मध्यरात्रीपासून ऊन चढेपर्यंत चालू ठेवा. तळाकडचं पाणी रोज १०-१५ टक्के बदला. डीओ तळाशीच मोजा, कोळंबी तिथे राहते. विरलेला चुना अजिबात टाकू नका, पीएच आणखी चढेल. शेवाळ एकदम मारणारं काहीही नको. ते कुजलं की उरलासुरला डीओही जातो.

उत्तर ३
तपासणीला मेलेली कोळंबी देऊ नका, तिच्यावर कुजवणारे जिवाणू माजलेले असतात. मरणपंथाला लागलेली पण जिवंत द्या; कवच ७० टक्के अल्कोहोलनं पुसून रक्तद्रव काढायला सांगा. मांस पांढुरकं असेल तर तेही कळवा. इतक्या उष्ण, चढ्या पीएचच्या पाण्यात लॅक्टोकॉकस गार्व्हिए या जिवाणूनंही मांस तसं होतं, आणि नुसता डीओ घसरला तरीही. डोळ्यांनी फरक कळत नाही.