स्पॉलेशन : पोपडा, टवका की 'अपशल्कन'?

अनुवादिका : गॅस टर्बाइनच्या पात्यांवर उष्णतारोधक लेप असतो, त्याच्या देखभालीचं एक प्रशिक्षण-पुस्तक मराठीत आणतेय. लेप खराब होण्याच्या प्रत्येक प्रकाराला वेगळा शब्द हवाय आणि गाडी 'स्पॉलेशन'पाशी, म्हणजे लेप तुकड्यांनी सुटून पडण्यापाशी, अडलीय. संपादक 'अपशल्कन' म्हणतात. ते वाचून फिटरला काय कळणार? मी सध्या 'लेप सोलला जाणे' लिहिलंय, पण खटकतंय.

गवंड्याचा नातू : खटकणारच. सोलायला कुणीतरी सोलणारा लागतो. आपला आपण सुटतो तो पोपडा. 'टवका'ही नको. टवका उडायला बाहेरून काहीतरी आदळावं लागतं.

प्लाझ्मावाला : नातूंनी नेमकं पकडलंय. सगळ्यात वर झिर्कोनिया, म्हणजे झिर्कोनियमचं ऑक्साइड, त्यात वजनाने ७-८ टक्के यिट्रिया, म्हणजे यिट्रियमचं ऑक्साइड. विमानाच्या इंजिनातल्या पात्यावर हा थर बहुधा पाव मिलिमीटरच्या आतच असतो. त्याखाली बाँड कोट, म्हणजे लेप धातूला धरून ठेवणारा थर, आणि मग निकेलचा सुपरअलॉय, म्हणजे पात्याचा मूळ मिश्रधातू. बाहेरून वाहणारा वायू त्या अलॉयच्या वितळबिंदूपेक्षाही तापलेला असतो. पातं तग धरतं ते आतून खेळवलेल्या हवेच्या आणि या लेपाच्या जिवावर.

आता बिघाड कुठून सुरू होतो ते बघा. झिर्कोनिया ऑक्सिजनला अडवतच नाही. तो खाली पोचतो, बाँड कोटमधल्या ॲल्युमिनियमला धरतो आणि दोन्हींच्या मध्ये ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, थर वाढू लागतो. हा थर हवाच असतो, कारण बाँड कोटला पुढे गंजू देत नाही तो हाच. पण तो काही मायक्रॉन जाड झाला की दुखणं सुरू. इंजिन थंड होताना धातू जास्त आकसतो, ॲल्युमिना कमी. तो जबर दाबाखाली येतो, बारीक भेगा एकमेकींना मिळतात आणि वरचा लेप फुगून उचलला जातो. मार पाठीमागून बसतो, म्हणून पोपडाच.

अनुवादिका : मग हे 'डेस्कटॉप स्पॉलेशन' काय आहे? मला आधी संगणकाचं काहीतरी वाटलं!

प्लाझ्मावाला : साधं टेबल हो. नमुना भट्टीतून काढला, गार झाला, लेप जागच्या जागी. टेबलावर ठेवून तुम्ही घरी गेलात, आणि काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही, लेप तडकून निघालेला. हवेतला दमटपणा भेगेच्या टोकापर्यंत पोचतो आणि भेग पुढे सरकते. अशा नमुन्यावर पाण्याचा थेंब टाकला तरी लेप उडू शकतो. तुम्ही 'उशिरा सुटलेला पोपडा' लिहा, टेबल मरू दे.

गवंड्याचा नातू : म्हणजे भिंतीच्या पोपड्यासारखी ओल इथेही आहेच की!

अनुवादिका : आणि वाळू, धूळ, ज्वालामुखीची राख? मूळ पुस्तकात त्याला 'काचेचा हल्ला' म्हटलंय.

गवंड्याचा नातू : हल्ला कसला? आत जाऊन बसत असेल तर 'मुरणे' म्हणा.

प्लाझ्मावाला : मुरतेच. धुळीत कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांची ऑक्साइडं असतात. साधारण १२०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्यांची पातळ काच होते. इलेक्ट्रॉनच्या झोताने वाफ करून चढवलेला लेप उभ्या स्तंभांचा असतो आणि मधल्या फटींमुळेच तो ताणाबरोबर थोडा हलू शकतो. काच नेमकी त्या फटींत उतरते. गार झाली की फटी बुजलेल्या, लवचीकपणा गेलेला. मग लेपाच्या वरच्या भागाचे पापुद्रे निघतात, तळाशी थोडा लेप उरतो. हा पोपडा नव्हे, इथे 'पापुद्रे सुटणे' ठेवा. लेपासाठी गॅडोलिनियम झिर्कोनेट हा वेगळा पदार्थ वापरतात तो याचसाठी. ते काचेशी पटकन अभिक्रिया करून वाट बंद करतं, त्यामुळे काच फार खोल मुरत नाही.

अनुवादिका : २४ जून १९८२ला जावाच्या गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत ब्रिटिश एअरवेजच्या ७४७ची चारही इंजिनं बंद पडली होती. ते उदाहरण इथे घालू का?

प्लाझ्मावाला : राख वितळून टर्बाइनमध्ये चिकटते हे सांगायला घाला, मुरण्यासाठी नको. तिथे राख साचून हवेची वाट अडली आणि इंजिनं काही मिनिटांत गेली. लेपात मुरण्याचं नुकसान बहुतेक वेळा हळूहळू होतं. धुळीच्या प्रदेशात रोज उतरणाऱ्या विमानांचं उदाहरण तिथे जास्त शोभेल.

अनुवादिका : म्हणजे टवका फक्त आदळण्याला.

प्लाझ्मावाला : हो. पुढच्या कडेला एखादा कडक तुकडा बसला की टवका. बारीक कणांचा सततचा मारा असेल तर झीज.

गवंड्याचा नातू : आणि क्रियापद सांभाळा. पोपडा 'होत' नाही. लेप पोपडे धरतो, मग पोपडे सुटतात. फुगलाय पण पडला नाही, हे 'धरलेत' या एका शब्दात येतं. तपासणाऱ्याला तेच तर लिहायचं असतं.

अनुवादिका : घेतलं. नमुना नोंद अशी केलीय : 'पुढच्या कडेला टवका, बाँड कोट उघडा. अंतर्वक्र बाजूला मधोमध पोपडे धरलेत, अजून सुटलेले नाहीत. टोकाकडे काच मुरलेली.' संपादकांना आजच पाठवते.