आंब्याच्या पेटीवरचं अक्षर भिकार का दिसतं?

देवगडचा_बागायतदार:
यंदा पेटीसाठी नवीन लेबल करून घेतलं. चित्र झकास, कागद चांगला, पण 'अस्सल देवगड हापूस' ही अक्षरं बघितली की कसंतरीच होतं. डीटीपीवाला म्हणतो फॉन्ट नेहमीचाच आहे. आमच्या आजीच्या पोथीतलं अक्षर मात्र बघत राहावंसं वाटतं. फोटो टाकलाय.

बंदरावरचा_पेंटर (मालवण):
भाऊ, फॉन्टचा दोष नाही, तो ताणलाय. लेबल रुंद, म्हणून कोपऱ्याला धरून आडवा ओढला. त्यानं उभ्या रेघा जाड झाल्या, शिरोरेषा होती तेवढीच राहिली. तुमच्या 'ह'चं पोट सुटलंय बघा! आपल्या अक्षरातलं जाडबारीक बोरूच्या लेखणीच्या तिरक्या कापातून आलंय, ते माउसनं ओढून टिकत नाही. शिवाय 'पू'चा ऊकार खालच्या 'थेट बागेतून'मध्ये घुसलाय. इंग्रजीच्या अंदाजानं ओळी लावल्या की वर मात्रा नि खाली उकार, दोघांची कोंडी.

मी ट्रॉलरवर नावं रंगवतो. नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, फळी वळते, तिथं अक्षर मापून चालत नाही, नजरेनं बसवावं लागतं. रेघेपेक्षा मी मधली मोकळी जागा बघतो. जाडीच्या हौसेत 'ध'च्या डोक्यावरची फट बुजली की 'धनलक्ष्मी'ची 'घनलक्ष्मी' होते, आणि मालक पैसे द्यायला कां कूं करतो.

अक्षरवेडी (रत्नागिरी):
पोथी निर्णयसागरची आहे का बघा. जावजी दादाजींच्या त्या छापखान्याचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, राणोजी रावजी आरूंनी घडवले होते. आणि लेबलावरचा 'ल' दांडीचा आहे, हिंदी वळणाचा. शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' सांगितलाय. 'टिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट फुकट मिळतो, त्यात ही वळणं आहेत.

बंदरावरचा_पेंटर (मालवण):
ताई, 'ल'चं खरं. पण टिरो पुस्तकाला छान, पेटीवर त्याच्या बारीक रेघा लांबून दिसायच्या नाहीत.

देवगडचा_बागायतदार:
पोथी निर्णयसागरचीच निघाली. पण काका, रुंद लेबलावर करू काय?

बंदरावरचा_पेंटर (मालवण):
ओढू नका. डावीकडे आंबा, उजवीकडे दोन ओळी: वर 'देवगड', खाली मोठं 'हापूस'. जाडसर, पण पोटं मोकळी असलेला फॉन्ट घ्या. 'अस्सल' कोपऱ्यात बारीक टाका, ते काय, कर्नाटकच्या आंब्यावरपण लिहितात.