दोन नोकऱ्यांमधले अडीच महिने कसे काढायचे?

हडपसरकर: कंपनीने कमी केलं, आता नवीन ऑफर लेटर हातात आहे पण जॉइनिंग अडीच महिन्यांनी, घराचा हप्ता दर ५ तारखेला जातो आणि बायको काही बोलत नाही पण दुकानात तेलाचा डबा उचलून परत ठेवते ते बघवत नाही. पीएफ काढून टाकू का? सर्व्हिस ४ वर्षं झालीये.

ठाण्याची ताई: दादा, पीएफला हात नको लावूस. सलग ५ वर्षं व्हायच्या आधी काढला तर टॅक्सच्या भानगडीत पडू शकतोस. यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर, तोच राहतो, नवीन कंपनीत ट्रान्सफर केलास की ही ४ वर्षं पण धरली जातात. आणि हो, कंपनीचा मेडिक्लेम सहसा नोकरीबरोबरच संपतो, घरच्यांसाठी पॉलिसी आधी बघ!

साताऱ्याचा पोरगा: हप्ता चुकायची वाट बघू नको, आधीच बँकेत जाऊन ऑफर लेटर दाखव. मी ३ महिने घरी होतो तेव्हा रोज सकाळी आंघोळ करून डबा घेऊन लायब्ररीत जाऊन बसायचो, त्यानेच तग धरला. आणि वहिनींबरोबर एकदा वही घेऊन बस रे, त्यांना सगळं दिसतंय.

हडपसरकर: आज रात्रीच बसतो. पीएफ राहू दे मग.