इन्फ्लमेशनला ‘दाह’ म्हणावं का?

मांडवीवाली :
इथल्या, बडोद्यातल्या एका इस्पितळासाठी त्वचारोगाचं माहितीपत्रक मराठीत करतेय. इन्फ्लमेशनला, म्हणजे इजा किंवा त्रास झाला की शरीर सूज-लाली आणतं त्याला, सगळीकडे ‘दाह’ लिहिलं. वाचून दाखवलं तर एक मावशी म्हणाल्या, “अगं, माझी आग नाही होत, नुसती खाज सुटते. हे माझं दुखणं नव्हेच.” हातावर गांधी तर टरारून उठलेल्या! काय लिहू?

जुना वैद्य :
‘शोथ’ लिहा. ग्रंथातला शब्द आहे, वापरला की रुळेल. राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत लावून १९३१ साली सयाजीशासन शब्दकल्पतरू निघाला तो याच बडोद्यात. आणि आपण एका शब्दाला बिचकायचं?

रावपुरा :
वैद्यबुवा, शोथ ‘श्वि’ धातूवरून, म्हणजे सुजणं. तेही एक लक्षणच. इंग्रजी शब्दातही ज्वाळाच दडलीय. त्यापेक्षा आपली क्रियापदं बघा, किती नेमकी आहेत. त्वचेतल्या मास्ट नावाच्या संरक्षक पेशींतून हिस्टॅमिन हे रसायन सुटलं की खाजतं. प्रोस्टाग्लँडिन, ब्रॅडिकायनिन ही रसायनं पाझरली की मज्जातंतूचं टोक हळवं होतं. एरवी ४३ अंशांच्या आसपास चटका जाणवतो, तो मग कोमट पाण्यानंही जाणवतो. हे ‘हुळहुळणं’. उन्हात मान भाजली की सदऱ्याची कॉलर सोसत नाही, तेच. सेवउसळीची तिखट तरी ‘झोंबते’ तीही चटका टिपणाऱ्या त्याच ग्राहीमुळे (ग्राही म्हणजे तंतूच्या टोकावरचं संवेदना टिपणारं प्रथिन). अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं तो ग्राही १९९७ साली ओळखला. त्यांना २०२१चं नोबेल मिळालं.

मांडवीवाली :
‘हुळहुळणं’ घेतलंच! आता लालीचं सांगा. मावशींच्या हातावर डॉक्टरांनी बोथट काडीनं रेघ ओढली. आधी रेघ लाल झाली, मग भोवती लाली पसरली, मग रेघच फुगून वर आली. ब्रिटिश डॉक्टर टॉमस लुइस यांनी १९२७ साली वर्णन केलेले तीन टप्पे हेच म्हणे. मधल्या टप्प्यातली लाली मज्जातंतूंची करणी: संदेश मेंदूकडे निघतो, पण वाटेतल्या फाट्यावरून त्याच तंतूच्या दुसऱ्या शाखेत उलटा शिरतो. तिथे सीजीआरपी आणि सब्स्टन्स पी ही मज्जातंतूंतली रसायनं सुटतात, बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. या पसरण्याला काय म्हणू?

रावपुरा :
लाली ‘फाकते’. पहाट फाकते तशी.

जुना वैद्य :
पहाट कवितेत ठीक. पत्रकात ‘आरक्तता’ हवी.

दांडियाबाजार :
आरक्तता कोण बोलतं हो? आमच्या घरी तर ‘पित्त उठलं’ नाही, ‘शीळस निघालं’ म्हणतात. शुद्ध गुजराती शब्द, पण चार पिढ्या आमचाच आहे. आजी आमसुलाचं पाणी चोळायची. शीळस म्हणजे शीळं, गार. गार वारा लागून उठतं ते, असं मला वाटतं.

जुना वैद्य :
मग ‘शीतपित्त’ म्हणा की! उसना शब्द कशाला?

दांडियाबाजार :
आजीनं उसना नव्हता घेतला, तिच्या अंगावर उठलेला होता.

मांडवीवाली :
सोमवारी छपाई आहे. दाह काढला, तिथे ‘सूज, लाली, खाज, आग’ असं चौघांनाही बसवलंय. मथळा अजून रिकामा आहे.

रावपुरा :
‘गांध’ आणि ‘गांधीलमाशी’ एकाच घरातले का? माशी डसली की गांध येतेच.

दांडियाबाजार :
मला तर माशीच आधीची वाटते.