पिकअपचं नाक उचलावं की नाही?

रानभूल (डेन्व्हर)

माझ्याकडे 2019 ची टोयोटा टकोमा आहे, फोर बाय फोर. घेतली त्या दिवसापासून एक गोष्ट डोळ्यात खुपत होती. सपाट जमिनीवर उभी असली तरी गाडी उतारावर लावल्यासारखी दिसायची, मागची बाजू वर आणि नाक खाली. शेवटी टेप घेऊन मोजलं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत पुढे 20 इंच, मागे साडेएकवीस. (जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा कमीजास्त असली की माप फसतं.)

मागच्या मे महिन्यात पुढे बिलस्टीन 5100 शॉकअप बसवून घेतले. यांच्या अंगावर एकाखाली एक खाचा असतात. खाचेत सर्क्लिप (गोल कडीसारखी क्लिप) बसते आणि तिच्यावर स्प्रिंगची वाटी टेकते. क्लिप वरच्या खाचेत घेतली की वाटी वर जाते. गाडीचं वजन तेच, म्हणून स्प्रिंग दबते तेवढीच, आणि उचलली जाते ती गाडी. शॉकअप खालच्या आर्मवर (चाकाला धरून ठेवणाऱ्या दांड्यावर) चाकापासून बराच आत बसतो, त्यामुळे वाटी अर्धा इंच सरकली तर चाकापाशी जवळपास एक इंचाचा फरक दिसतो. मी मधली खाच घेतली, सव्वा इंच मिळाला. मागे पाव इंच जास्त आहे ते मुद्दाम सोडलंय.

माझं ठाम मत असं: ज्याची पिकअप बहुतेक दिवस रिकामी धावते आणि जो खरोखर दगडाधोंड्यांत जातो, त्याने हे जरूर करावं. जुलैत कोलोरॅडोतला अल्पाइन लूप हा कच्चा डोंगररस्ता केला, लेक सिटी ते सिल्व्हरटन आणि परत. इंजिनिअर पासच्या चढाला एक पायरीसारखा खडक आहे. आदल्या वर्षी तिथे पुढचा बंपर खरवडला होता. यंदा टायर आधी टेकला आणि गाडी अलगद वर चढली. खाली उतरून मी तो खडक परत पाहून आलो.

दुसरं मत: करायचं तर शॉकअपनेच करा. शॉकअपच्या वर चकती घालून नको. चकतीने अख्खा शॉकअप खाली ढकलला जातो, चाक लोंबतं तेव्हा आर्म कंपनीने ठरवलेल्या जागेच्याही खाली जातो आणि एक्सल व बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा सांधा) वेडेवाकडे ताणले जातात. खाचेच्या शॉकअपमध्ये चाक किती लोंबेल हे शॉकअपची लांबीच ठरवते.

पाटेवाला (ह्यूस्टन)

रानभूल, मेहनत मनापासून केलीत, पण मुळातच मला पटत नाही. ती मागची उंची कंपनीची चूक नाही. पिकअपचे मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, ओझ्यासाठी घडवलेले असतात. मागे माल पडला की पाटे बसतात आणि तेव्हा गाडी समतल होते. रिकामी असताना समतल केलीत, म्हणजे भरल्यावर ती मागे बसणारच.

मी 5,000 पौंडांचा ट्रेलर ओढतो. त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवर (ट्रेलर जोडायच्या जागी) येतो, म्हणजे 500 ते 750 पौंड थेट मागच्या टोकाला. माझ्या जुन्या गाडीचं नाक मी असंच उचललं होतं, थेट वरच्या खाचेत. ट्रेलर लावला की स्टिअरिंग हातात हलकं व्हायचं. पावसात आय-10 हायवेवर लेन बदलताना पुढची चाकं रस्ता नीट धरत नाहीत, हे मला तळहातांना कळायचं. सहा महिन्यांत क्लिप पुन्हा तळाच्या खाचेत आणून ठेवली.

शिवाय शॉकअपची लांबी तेवढीच आणि गाडी मात्र वर, म्हणजे चाकाला खाली लोंबायला उरलेली जागा कमी झाली. स्पीड ब्रेकर उतरताना पुढून जो 'ठक्' आवाज येतो तो त्याचाच. "5100 लावले आणि गाडी कडक झाली" अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी क्लिप कुठल्या खाचेत आहे ते बघावं. खाच बदलून स्प्रिंग कडक होत नाही. शॉकअप खाली जाऊन टोकाला आदळतो, ते कडक वाटतं.

रानभूल (डेन्व्हर)

'ठक्' बद्दल शंभर टक्के सहमत, म्हणूनच वरची खाच कुणीही घेऊ नये म्हणतो. ट्रेलरवाल्यांनी करू नये हेही मान्य. पण वर्षातले 340 दिवस गाडी रिकामी असेल, तर उरलेल्या पंचवीस दिवसांसाठी ती रोज नाक खाली घालून का चालवायची?

सांजवेळ (न्यू जर्सी)

कारण त्या 340 दिवसांत समोरून आम्ही येत असतो.

मी लहान सेडान चालवते. रात्री नाक उचललेली पिकअप माझ्या मागून आली की तिचे दिवे थेट माझ्या आरशात असतात. मागच्या वर्षी गणपतीच्या आदल्या रात्री आमच्याच मंडळातल्या एकांची पिकअप माझ्या मागे होती. तिच्या हौद्यात स्टेजचे प्लाय, लोखंडी टेबलं, मंडपाचे पाइप. दहा मैल मी आरसा वर वळवून, मान तिरकी करून चालवलं. मागच्या सीटवर मुलगा झोपलेला, त्याच्या चेहऱ्यावर पांढराशुभ्र उजेड. पोचल्यावर त्यांना सांगितलं तर त्यांना खरंच माहीत नव्हतं. माणूस वाईट नाही, पण गाडी उचलल्यावर दिवे खाली घ्यायचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरं, पायी चालणाऱ्यांचं. विमा कंपन्यांच्या पैशांवर चालणारी आयआयएचएस ही सुरक्षा संस्था आहे. 2023 मध्ये तिने पादचाऱ्यांचे जवळजवळ 18,000 अपघात तपासले. 30 इंचांपेक्षा कमी आणि उतरत्या बॉनेटच्या गाड्यांशी तुलना केली, तर 40 इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्यांच्या धडकेत माणूस मरण्याची शक्यता सुमारे 45 टक्के जास्त निघाली. पिकअप आधीच उंच. त्यात हौसेने आणखी वर कशाला?

मापाडी (मिशिगन)

दिव्यांचा हिशेब मांडतो, म्हणजे वाद मापावर येईल. टकोमा डबल कॅब, छोटा हौदा: दोन चाकांमधलं अंतर सुमारे 127 इंच. पुढून सव्वा इंच उचललं की झोत 25 फुटांवरच्या भिंतीवर जवळपास 3 इंच वर जातो. 300 फुटांवर 35 इंच, म्हणजे जवळजवळ 3 फूट. खुद्द दिवा सव्वा इंच वर गेला तो वेगळा. आता मागे माल टाका, पाटे दोन इंच बसले तर 25 फुटांवर आणखी पावणेपाच इंच. सांजवेळ यांच्या आरशात जे आलं ते हेच.

दिव्यामागचा स्क्रू फिरवून रिकाम्या गाडीचा फरक काढता येतो, भरलेल्या गाडीचा नाही.

आणखी एक. 2018 पासून टकोमामध्ये पुढच्या काचेवर कॅमेरा आणि जाळीत रडार असतं, आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेसाठी. त्यांची नजरही नाकाबरोबर वर जाते. सव्वा इंचाला मी घाबरवणार नाही, अडीच इंच उचलणाऱ्याने मात्र तपासून घ्यावं.

वॉरंटीची भीती दाखवणारे बरेच भेटतील. 1975 चा मॅग्नुसन-मॉस कायदा आहे. बाहेरचा सुटा भाग लावला एवढ्यावरून वॉरंटी नाकारता येत नाही, बिघाड त्या भागामुळे झाला हे कंपनीला दाखवावं लागतं. पण एक्सलचं रबर फाटलं आणि ते उचललेल्या गाडीच्या कोनामुळेच फाटलं असेल, तर कायदा तुमच्या बाजूने उभा राहणार नाही.

खटपट्या (पुणे)

आमच्याकडे हा प्रश्न वेगळ्याच वळणाने येतो. हायलक्स आणि व्ही-क्रॉसवाले मित्र नाक उचलतात. पण 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल गाडीत चालणार नाही. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम. पासिंगच्या वेळी आणि विम्याच्या दाव्यात ते आडवं येऊ शकतं, हे बदल करणाऱ्याने धरूनच चालावं.

पाटेवाला म्हणतात ते पाहायचं असेल तर लासलगावला जा. कांदा उतरवून परत निघालेली पिकअप मागून हरणासारखी उड्या मारत जाते. तीच सकाळी गोण्या भरून येताना दोरी धरल्यासारखी सरळ असते. माझे काका पंचवीस वर्षं माल वाहतात. पाट्यांना हात लावू देत नाहीत आणि पुढच्या स्प्रिंगलाही नाही.

रानभूल (डेन्व्हर)

सांजवेळ, तुमचा प्रतिसाद वाचून गॅरेजच्या बंद दारासमोर 25 फुटांवर गाडी लावली. झोताची वरची कड जिथे हवी तिथे चिकटपट्टी लावली आणि मोजलं. 4 इंच वर. इतके महिने मी तसाच फिरलो. स्क्रू फिरवून दोन्ही खाली आणले. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. मूळ धाग्यात लिहायलाही हवं होतं.

अलाइनमेंटचंही सांगतो. पहिल्या दुकानाने "टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) बरोबर आहे" म्हणून पैसे घेतले आणि कॅस्टरला, म्हणजे बाजूने पाहता स्टिअरिंगचा अक्ष मागे किती कललाय त्या कोनाला, हातच लावला नाही. गाडी हायवेवर भिरभिरत होती, वळल्यावर स्टिअरिंग स्वतःहून मध्ये येत नव्हतं. नाक उचललं की कॅस्टर कमी होतोच. दुसरीकडे नेऊन कॅस्टर वाढवून घेतला, तेव्हा सरळ चालली. कागदावर आधीचे आणि नंतरचे आकडे मागून घ्या. आणि खालच्या आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच घट्ट करायला सांगा. जॅकवर लोंबत असताना आवळले तर आतलं रबर कायमचं पिळलेलं राहतं.

बॉनेटच्या उंचीवर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. सव्वा इंच म्हणजे सव्वा इंच, तो वाढलाच.

पाटेवाला (ह्यूस्टन)

दिवे मोजलेत, फार बरं केलंत. तरी मत बदललं नाही. नॉर्थ कॅरोलायनात 1 डिसेंबर 2021 पासून पुढचं मडगार्ड मागच्यापेक्षा 4 इंच किंवा त्याहून उंच असलेल्या गाड्यांवर बंदी आहे. तुमची गाडी त्याच्या जवळपासही नाही, हे कबूल. पण मागे 600 पौंड पडल्यावर ती त्याच दिशेने सरकते. सप्टेंबरमध्ये मंडळाचं सामान भराल तेव्हा चारही चाकांपाशी टेप लावा आणि आकडे इथे टाका.

रानभूल (डेन्व्हर)

टाकतो. मूर्ती, प्लाय आणि माणसं धरून. दारावरच्या स्टिकरवर किती वजन चालतं तेही लिहीन, आणि गॅरेजच्या दारावरची चिकटपट्टी तोवर काढणार नाही.