पोस्टात कसे लागलात? मराठवाड्यातल्यांनी लिहा

भाच्याला दहावीला 91 टक्के आहेत. घरात सगळे म्हणतात, ग्रामीण डाक सेवकाचा फॉर्म भर, परीक्षा नाही की काही नाही. एवढं सोपं असतं का हो? लागलेल्यांनी लिहाच, हुकलेल्यांनीही लिहा.

बीपीएम (ब्रँच पोस्टमास्तर, म्हणजे गावातलं शाखा पोस्ट चालवणारा डाक सेवक), किनवट तालुका
परीक्षा नाही, मुलाखत नाही, दहावीच्या मार्कांवर यादी. गणित-इंग्रजीत पास हवं, मराठी दहावीपर्यंत शिकलेली हवी. वय 18 ते 40. फॉर्म मी सीएससीवर (ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या सेवा केंद्रावर) भरला, 100 रुपये फी. मुलींना आणि एससी-एसटीला तीही नाही. कागदपत्रं तपासताना सायकल येते का विचारलं. मोटरसायकल येते म्हटलं तरी चालतं.

खरं झंझट पुढं. बीपीएमला पोस्टासाठी जागा स्वतः बघावी लागते आणि राहायचंही त्याच गावात. माझं गाव 60 किलोमीटर लांब, तिथं ओळखीचं कुत्रंही नव्हतं. आठ दिवस फिरलो. शेवटी एका आजीनं पडवी दिली, तीही 'जागा दिली तर माझी पेन्शन घरात मिळंल ना?' असं विचारून. वर, पोट भरायला दुसरं साधन आहे हे दाखवावं लागतं, मी शेती दाखवली. भत्ता 12,000 पासून, वर महागाई भत्ता. काम कागदावर चार-पाच तासांचं. कागदावर!

हुकलेला, लातूर जिल्हा
आमची बॅच 2010 ची. 84 टक्के म्हणजे तवा गावात पेढे वाटले होते. आता यादीत माझ्यासमोर 2021 वाले, ज्यांची दहावीची परीक्षाच कोरोनात रद्द झाली अन् मूल्यमापनावर मार्क मिळाले. त्यांचा काय दोष म्हणा. पण एकाच तराजूत तोलायलेत, हे काही मनाला पटंना. तीन वेळा फॉर्म भरला. मधी एक एजंट दोन लाखांत नाव लावतो म्हणला. यादी मार्कांची, तो काय लावणार, डोंबल?

रिटायर पोस्टमन, परभणी
आमच्या वेळी याला 'ईडी' म्हणत. आत्ताच्या ईडीशी घोळ करू नका, एक्स्ट्रा डिपार्टमेंटल! 2001 च्या नियमांनंतर ग्रामीण डाक सेवक हे नाव आलं. रोजगार विनिमय केंद्राकडून नावं मागवायचे. मी नऊ वर्षं ईडी होतो, मग खात्याची परीक्षा देऊन पोस्टमन झालो. भाच्याला सांगा, डाक सेवक म्हणजे पोस्टमन नव्हे. खात्यातून परीक्षा देऊन वर जायची वाट मात्र आजही आहे.

डाक सेवक, गेवराईकडं
ताई, माझं पहिल्या यादीत नव्हतं, तिसऱ्या यादीत आलं. तोवर मी आशा सोडून शिवणक्लास लावला होता. मेसेज दोन दिवस उघडलाच नाही, लोनवाल्यांचा वाटला. भाच्याला मोबाईल नंबर बदलू देऊ नका, अन् जातीचे दाखले आत्ताच काढून ठेवा, तपासणीला मूळ प्रती लागतात.

कामाचं म्हणाल तर दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं. आधार कार्डं घेऊन गेलं की दाराला कुलूप. मग मुकादमाला फोन लावायचा, टोळी कुठल्या कारखान्यावर आहे विचारायचं. हे फॉर्ममध्ये कुठंच लिहिलेलं नव्हतं.

धागा काढणारी
भाच्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो, मावशी, सायकल येते, जागेचं तू बघ.