'आंतरक्रिया' म्हणजे नेमकं काय घडतं?

रानजाई: बारावीच्या मुलांसाठी कर्करोगावरचा एक लेख मराठीत आणतेय. एका वाक्यावर अडले आहे. पेशीच्या पृष्ठभागावरची एन्झाइम्स आणि पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारी प्रथिनं यांच्यात 'आंतरक्रिया' होते, असं मी लिहिलं. संपादकांनी 'परस्परक्रिया' केलं. दोन्ही वाचून मुलांना काय कळणार? आणि चिकटण्याला 'आसंजन' घ्यावं का?

अक्षरवेल: आसंजन चांगला शब्द आहे, घ्याच. 'एन्झाइम' मात्र काढा. 'विकर' असताना उसनवारी कशाला?

चिंचबन: विकर म्हटलं की निम्म्या मुलांना विकारच आठवतो. प्रयोगशाळेत आम्ही दिवसभर एन्झाइमच म्हणतो, तेही मराठी बोलतानाच.

पण मुद्दा क्रियापदाचा आहे. शेजारच्या पेशींवरची ई-कॅडहेरिन्स ही जोडणारी प्रथिनं कॅल्शियम असेल तरच एकमेकांत गुंततात. अ‍ॅडॅम-१० हे एन्झाइम पेशीपटलातच रुतलेलं असतं. ते कॅडहेरिनचा बाहेरचा भाग पटलालगत छाटतं. जोड सुटतो, आणि आतल्या टोकाला धरून असलेलं बीटा-कॅटेनिन हे प्रथिन मोकळं होऊन केंद्रकापर्यंत जाऊ शकतं. इथे सरळ 'छाटते' लिहा. उलट डीपीपी-४ हे एन्झाइम (मधुमेहावरचं औषध सिटाग्लिप्टिन ज्याला अडवतं तेच) पेशीबाहेरच्या फायब्रोनेक्टिन या प्रथिनाला नुसतं धरूही शकतं, न कापता. तिथे 'धरते'. एकाच 'आंतरक्रिये'त छाटणं आणि धरणं दोन्ही कोंबलं, तर मुलं पाठ करतील, समजणार नाहीत.

शेवंती: पटत नाही. शास्त्राला व्यापक शब्द लागतोच. लेखाच्या शीर्षकात काय लिहिणार, 'छाटणे, धरणे इत्यादी'? आंतरक्रिया रुळलेला शब्द आहे, राहू द्या. खाली उदाहरणं द्या.

रानजाई: चिंचबन, अ‍ॅडॅम हे नाव कुठून आलं? तळटीप द्यावी म्हणते.

चिंचबन: 'अ डिसइंटेग्रिन अँड मेटॅलोप्रोटिनेज' याची आद्याक्षरं. इंटेग्रिन म्हणजे पेशीला बाहेरच्या गोष्टींशी जोडून ठेवणारं प्रथिन, आणि डिसइंटेग्रिन म्हणजे त्याची पकड अडवणारं प्रथिन. डिसइंटेग्रिन्स पहिल्यांदा सापडली सापांच्या विषात. आपल्या कोकणातल्या फुरशाच्या जातीच्या विषात एकिस्टॅटिन असतं, फक्त ४९ अमिनो आम्लांचं. ते प्लेटलेटवरच्या इंटेग्रिनला जाऊन बसतं, मग प्लेटलेट एकमेकींना चिकटत नाहीत. हृदयविकारात देतात ते टिरोफिबान हे औषध याच रेणूवरून बेतलेलं आहे.

अक्षरवेल: मग डिसइंटेग्रिनला 'विसंजक' का नको? आसंजनाशी जुळतं.

माडवाट: फुरशाचं नाव निघालं म्हणून लिहिते. आमच्याकडे रत्नागिरीत म्हातारी माणसं सांगायची, 'फुर्र' असा आवाज करतं म्हणून फुरसं. मला तीच व्युत्पत्ती खरी वाटते.

शेवंती: पण तो आवाज तोंडाचा नसतो ना? वेटोळं करून अंगावरचे खवले एकमेकांवर घासतं. तो 'खरखर' जास्त वाटतो.

माडवाट: खरखर नाही हो. जांभ्याच्या गडग्याजवळ उभं राहून ऐकलंय मी, फुरफुरच.